आवाजाची वाट कोण बदलते?

डेस्कटॉप संगणकाच्या आवाजाविषयी दुरुस्तीला येणाऱ्या तक्रारींचे ढोबळमानाने दोन प्रकार पडतात. पहिल्या प्रकारात आवाज मुळीच येत नाही. तेव्हा केबल, स्पीकर, साउंड कार्ड किंवा ड्रायव्हर यांपैकी काहीतरी खरोखर बिघडलेले असते आणि एकेक भाग बदलून पाहत गेले की दोष हाती लागतो. दुसऱ्या प्रकारात प्रत्येक भाग धडधाकट असतो, सेटिंग्जमध्ये स्पीकर निवडला की आवाज लगेच येतो, काम सुरू होते, आणि काही वेळाने कोणी काहीही केलेले नसताना तो पुन्हा नाहीसा होतो. उघडून पाहावे तर स्पीकरच्या जागी मॉनिटरचे नाव निवडलेले दिसते. ही दुसरी तक्रार दोन क्लिकमध्ये मिटते, आणि दोन क्लिकमध्ये मिटते म्हणूनच तिच्या मुळाशी सहसा कोणी जात नाही. दृष्टिहीन विद्यार्थ्यांच्या एका अभ्यासिकेतील संगणकावर या तक्रारीपायी जे काम करावे लागले, त्यातून दुरुस्ती करणाऱ्याची एक धारणा पक्की झाली: अशा संगणकात स्पीकर पुन्हा पुन्हा निवडून देणे ही दुरुस्ती नसते, माणसाने केलेली निवड आत कोण मोडते हे शोधून काढणे ही दुरुस्ती असते.

ही धारणा समजून घ्यायची तर संगणकातला आवाज कोणत्या टप्प्यांनी बाहेर पडतो हे आधी पाहावे लागेल. संबंधित संगणक लिनक्स प्रणालीवर चालणारा होता. लिनक्समध्ये प्रत्यक्ष यंत्राशी बोलण्याचे काम अल्सा नावाची ध्वनिव्यवस्था करते. यारोस्लाव किसेला यांनी 1998 मध्ये तिची सुरुवात केली आणि पुढे ती लिनक्सच्या गाभ्याचाच भाग झाली. अल्साला साउंड कार्ड कसे चालवायचे हे ठाऊक असते, परंतु एकाच वेळी गाणे, सूचनेची घंटी आणि व्हिडिओ यांचे आवाज कोणत्या वाटेने न्यायचे आणि कोणाचा आवाज किती ठेवायचा, याची व्यवस्था तिच्या वरचा एक थर पाहतो. त्याला ऑडिओ सर्व्हर म्हणतात. सर्व्हर या शब्दाने दूरचे मोठे यंत्र डोळ्यांसमोर येते, परंतु येथे त्याचा अर्थ त्याच संगणकात सतत चालू राहून इतर प्रोग्रॅमना सेवा देणारा प्रोग्रॅम एवढाच आहे. लिनक्सवर 2007-08 च्या सुमारास पल्सऑडिओ हा सर्व्हर सर्वत्र रूढ झाला. त्याच्या परिभाषेत आवाज जेथे जाऊन पडतो त्या ठिकाणाला 'सिंक' म्हणतात. ओट्यावरच्या सिंकमध्ये जसे नळाचे पाणी पडते तसा प्रोग्रॅममधून निघालेला आवाजाचा प्रवाह या सिंकमध्ये पडतो. संगणकात असे सिंक अनेक असू शकतात आणि त्यांपैकी जे 'डीफॉल्ट' ठरलेले असते, म्हणजे वेगळे काही सांगितले नसेल तर जे वापरायचे, तिकडे आवाज आपोआप जातो. सारा वाद या डीफॉल्टच्या मानाचा असतो.

हा मान मागणारे दावेदार आजच्या डेस्कटॉपवर कमी नसतात. कॅबिनेटच्या मागे मदरबोर्डवर 3.5 मिलिमीटरचे हिरवे सॉकेट असते, पुढच्या बाजूला हेडफोनसाठी आणखी एक असते, यूएसबी हेडसेट लावला तर तो स्वतःचे वेगळे साउंड कार्डच घेऊन येतो, आणि ग्राफिक्स कार्डातून मॉनिटरकडे जाणारी एचडीएमआय केबल चित्राबरोबर आवाजही वाहून नेते. शेवटचा दावेदार सर्वांत फसवा आहे. जुन्या, पंधरा पिनांच्या निळ्या व्हीजीए केबलमधून फक्त चित्र जात असे, त्यामुळे मॉनिटर आणि आवाज यांचा काही संबंध असू शकतो हे त्या काळात हात बसलेल्या माणसाच्या मनातही येत नाही. एचडीएमआय केबल लावल्यावर मात्र संगणकाच्या दृष्टीने मॉनिटर हे आवाजाचेही एक ठिकाण होऊ शकते, मग त्या मॉनिटरमध्ये स्पीकर असो वा नसो.

अभ्यासिकेतील तक्रारीचे स्वरूप नेमके हेच होते, फक्त तिचे परिणाम सर्वसाधारण कार्यालयापेक्षा फार वेगळे होते. त्या संगणकावर विद्यार्थी ओर्का नावाचा स्क्रीन रीडर वापरत. स्क्रीन रीडर म्हणजे पडद्यावरचा मजकूर, बटणे आणि मेनू बोलून दाखवणारा प्रोग्रॅम; ओर्का लिनक्सच्या ग्नोम या डेस्कटॉपबरोबर 2006 पासून येतो आणि ईस्पीक एनजी या वाचायंत्रणेच्या साहाय्याने मराठी मजकूरही वाचतो. ईस्पीकचा मराठी उच्चार यांत्रिक असतो, नव्या माणसाला तो सुरुवातीला कळतही नाही, परंतु स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे विद्यार्थी तो इतक्या वेगाने ऐकतात की शेजारी बसलेल्या डोळसाला त्यातला एक शब्दही पकडता येत नाही. अशा वाचकासाठी आवाज हाच पडदा असतो. डोळस माणसाच्या संगणकाचा आवाज गेला तर त्याचे गाणे थांबते आणि तो माउस हलवून पुन्हा स्पीकर निवडतो. येथे आवाज गेला की संपूर्ण पडदा काळा होतो, आणि ज्या मेनूत जाऊन स्पीकर निवडायचा तो मेनूही त्याच काळोखात असतो. दुरुस्ती करणाऱ्याने तक्रार ऐकली तेव्हा त्याला हे शब्दशः कळले होते, पण त्याचे वजन समजायला काही दिवस जावे लागले. पहिल्या भेटीत त्याने जे केले तेच त्याच्या आधी अभ्यासिकेतील लिपिकाने अनेकदा केलेले होते: मॉनिटर सुरू केला, सेटिंग्ज उघडली, स्पीकर निवडला, ओर्का बोलू लागला, आणि काम झाले असे समजून तो निघून आला.

दोन दिवसांनी तीच तक्रार पुन्हा आली. नंतरच्या भेटींत जे प्रयत्न झाले ते सगळे शहाणपणाचे दिसणारे आणि सगळे चुकीचे होते. हिरव्या सॉकेटमध्ये जॅक घातला आहे की नाही हे संगणकाला कळत असते, कारण 2004 साली आलेल्या एचडी ऑडिओ या मानकात जॅक ओळखण्याची सोय आहे. सॉकेट ढिले असेल तर जॅक निघाला असे समजून संगणक आवाज दुसरीकडे वळवू शकतो. म्हणून सॉकेट साफ केले, स्पीकरची केबल बदलली, जॅक हलवून पाहिला; काही उपयोग झाला नाही. त्यानंतर पल्सऑडिओच्या वैयक्तिक सेटिंग्जचे फोल्डर काढून टाकले. हा उपाय दुरुस्तीच्या धंद्यात सर्रास केला जातो आणि त्याने एखादा दिवस बरे वाटते, कारण सर्व्हर जुने सारे विसरून नव्याने सुरुवात करतो. पण ज्या कारणाने आधी बिघडले तेच कारण शाबूत असल्यामुळे तो लवकरच जुन्या वळणावर येतो. अखेरीस लॉगिन होताच स्पीकरला डीफॉल्ट करणारी एक आज्ञा सुरुवातीच्या प्रोग्रॅमांत घालून ठेवली. सकाळी संगणक सुरू झाला की ओर्का बोलू लागे, आणि दुपारी पुन्हा मुका होई. या आज्ञेने दिवसातला फक्त एक क्षण सांभाळला होता, आणि बिघाड त्या क्षणी होतच नव्हता.

या टप्प्यावर दुरुस्ती करणाऱ्याने जे केले ते खरे तर पहिल्याच दिवशी करायला हवे होते. त्याने संगणकाकडे पाहणे सोडले आणि तो वापरणाऱ्यांना विचारले. दुपारच्या सत्रात बसणाऱ्या एका विद्यार्थिनीने आठ दिवस नोंद ठेवायचे कबूल केले. आवाज गेला की ती आपल्या फोनवर वेळ आणि त्या वेळी आजूबाजूला काय चालले होते ते बोलून ठेवी. आठ दिवसांच्या नोंदी ऐकताना तीन गोष्टी स्पष्ट झाल्या. काम सलग चालू असताना आवाज कधीच गेला नव्हता. तो जेवणाच्या किंवा चहाच्या सुट्टीनंतर परत येऊन पहिली कळ दाबताच जाई. दुसरी गोष्ट अशी की काही वेळा तो आपोआप परतही आला होता, आणि तसे घडले तेव्हा शिपाई वीज वाचवण्यासाठी मॉनिटर बंद करून नुकतेच गेलेले असत. तिसरी नोंद तिने अगदी सहज, जणू योगायोग म्हणून सांगितली होती: "सर, तुम्ही किंवा ऑफिसमधले कोणी मदतीला आलात की हमखास आवाज जातो."

ती स्वतः मॉनिटर कधीच सुरू करत नसे. तिला त्याची गरज नव्हती. डोळस माणूस मदतीला आला की तो सर्वांत आधी मॉनिटरचे बटण दाबत असे, आणि ज्या बिघाडासाठी तो आलेला असे तोच बिघाड त्या बटणाने घडत असे. एवढे कळल्यावर आणखी एक जुना दुवा आठवला, जो पहिल्या दिवशीच सांगितला गेला होता आणि ज्याकडे कोणी लक्ष दिले नव्हते. जुना व्हीजीए मॉनिटर जाऊन नवा एचडीएमआय मॉनिटर आला तेव्हापासून ही कटकट सुरू झाली होती.

आता पुरावा मिळवणे अवघड नव्हते, फक्त तो पडद्याबाहेरून मिळवावा लागणार होता, कारण मॉनिटर बंद असताना काय घडते हे मॉनिटरवर पाहता येत नाही. दुरुस्ती करणाऱ्याने आपल्या लॅपटॉपवरून नेटवर्कमार्गे त्याच संगणकावर, त्याच वापरकर्त्याच्या नावाने प्रवेश केला आणि पल्सऑडिओची घडामोडी सांगणारी आज्ञा चालू ठेवली. 'पीए-सीटीएल सबस्क्राइब' या आज्ञेने सर्व्हरमध्ये जे जे बदलते त्याची एकेक ओळ उमटत जाते. मॉनिटर बंद होता, ओर्का स्पीकरवर व्यवस्थित बोलत होता, आणि लॅपटॉपच्या खिडकीत शांतता होती. विद्यार्थिनीने मॉनिटरचे बटण दाबले. साधारण दोन सेकंदांत खिडकीत ओळींचा एक पुंजका आला: आधी कार्डात बदल झाल्याची ओळ, मग नवे सिंक तयार झाल्याची, आणि तिच्या मागोमाग सर्व्हरमध्ये बदल झाल्याची. ही शेवटची ओळ महत्त्वाची, कारण डीफॉल्ट बदलले की सर्व्हर स्वतःच बदलला असे पल्सऑडिओ मानतो. त्याच क्षणी ओर्काचे वाक्य अर्ध्यावर तुटले. बटण पुन्हा दाबून मॉनिटर बंद केला तेव्हा सिंक नाहीसे झाल्याची ओळ आली आणि ओर्का बोलू लागला. हा प्रयोग पाच-सहा वेळा केला आणि दर वेळी ओळी त्याच क्रमाने उमटल्या. ज्या बिघाडाला इतके दिवस लहरी म्हटले जात होते तो घड्याळासारखा नियमित निघाला.

असे का घडते याचे उत्तर एचडीएमआयच्या केबलमध्ये आहे. तिच्या एकोणीस पिनांपैकी शेवटची, म्हणजे 19 क्रमांकाची पिन, समोर मॉनिटर आहे की नाही एवढेच सांगण्यासाठी असते. तिला हॉट प्लग डिटेक्ट म्हणतात, म्हणजे यंत्र चालू असताना जोडणी झाली किंवा सुटली हे ओळखणारी पिन. काही मॉनिटर बंद केले किंवा झोपी गेले तरी या पिनेवरचा विद्युतदाब कायम ठेवतात आणि काही तो सोडून देतात. दाब सोडणारा मॉनिटर बंद झाला की संगणकाला तो केबलसकट काढून नेल्यासारखा वाटतो, आणि पुन्हा सुरू झाला की नवाच मॉनिटर जोडल्यासारखा. अभ्यासिकेतील मॉनिटर दुसऱ्या जातीचा होता. जोडणी झाल्यावर मॉनिटर आपली ओळख सांगणारी माहिती पाठवतो. तिच्या मूळ 128 बाइटांच्या भागात चित्राचा तपशील असतो आणि जोड-भागात आवाजाचा. या मॉनिटरला स्पीकर नव्हते, परंतु मागच्या बाजूला हेडफोनसाठी एक छोटे सॉकेट होते आणि त्या सॉकेटच्या बळावर तो 'मी आवाज घेऊ शकतो' असे सांगत होता. ड्रायव्हर ही माहिती प्रणालीच्या एका फाइलीत उतरवून ठेवतो. मॉनिटर बंद असताना त्या फाइलीतील 'मॉनिटर प्रेझेंट' या शब्दांपुढे शून्य दिसे आणि सुरू करताच एक. ज्या सॉकेटमध्ये आजवर कोणी हेडफोन घातलेला नव्हता त्याच्यासाठी एका विद्यार्थिनीचा संगणक दिवसातून कित्येकदा मुका होत होता.

मॉनिटरने केवळ हजेरी लावली म्हणून डीफॉल्टचा मान त्याला का मिळावा, हा प्रश्न उरतोच. पल्सऑडिओ हा लहान लहान घटकांचा बनलेला असतो. या घटकांना मॉड्यूल म्हणतात आणि कोणते मॉड्यूल सुरू करायचे त्याची यादी एका साध्या मजकुराच्या फाइलीत असते. या यादीत 'मॉड्यूल-स्विच-ऑन-कनेक्ट' असे एक नाव होते. नवे सिंक दिसले की ते डीफॉल्ट करायचे, एवढेच त्याचे काम. हे मॉड्यूल वाईट हेतूने लिहिलेले नाही. ब्लूटूथ हेडफोन सुरू केला की आवाज लगेच त्यात यावा ही कोणाचीही रास्त अपेक्षा असते आणि ती पुरवण्यासाठीच ते आहे. त्यामागचे गृहीत असे की एखादे उपकरण जोडले जाते तेव्हा माणसाला ते वापरायचे असते. हेडफोनच्या बाबतीत हे गृहीत जवळजवळ नेहमी खरे ठरते, मॉनिटरच्या बाबतीत क्वचित, आणि पडद्याची गरजच नसलेल्या माणसाच्या बाबतीत कधीच नाही. ज्याने हे गृहीत धरले त्याच्या डोळ्यांपुढे डोळस वापरकर्ता होता, म्हणजे आवाज भलतीकडे गेलाच तर ते पाहून परत आणू शकणारा. दुरुस्ती करणाऱ्याला या कामात सर्वांत जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट हीच वाटली. संगणकात दोष नव्हता; त्यात एका विशिष्ट माणसाचा विचार नव्हता.

उपाय निवडताना तीन मार्ग समोर होते. मॉनिटरकडे जाणाऱ्या आवाजाचा ड्रायव्हरच प्रणालीच्या बंदी-यादीत घालणे हा सर्वांत निर्णायक मार्ग. पण पुढेमागे कोणी त्याच संगणकाला टीव्ही जोडून व्याख्यान ऐकवायचे ठरवले तर आवाज का येत नाही याचा उलगडा कोणालाच होणार नाही, म्हणून तो सोडून दिला. मॉनिटर कायम चालू ठेवणे आणि त्याची झोप बंद करणे हा दुसरा मार्ग. ज्यांना पडदा लागत नाही त्यांच्यासाठी दिवसभर पडदा जाळत ठेवणे हे दुरुस्ती करणाऱ्याच्या मनाला पटले नाही. तिसरा मार्ग म्हणजे यादीतील ती एक ओळ निष्क्रिय करणे, आणि तोच पत्करला. ओळीच्या आरंभी हॅशचे चिन्ह घातले की सर्व्हर ती वाचत नाही. मात्र हा बदल प्रणालीच्या मुख्य फाइलीत न करता वापरकर्त्याच्या स्वतःच्या फोल्डरात त्या फाइलीची प्रत ठेवून केला, कारण प्रणालीचे अपडेट आले की मुख्य फाइलीतील बदल पुसला जाण्याचा धोका असतो आणि मग काही महिन्यांनी तीच तक्रार नव्याने उभी राहते.

हॅश घालून सर्व्हर पुन्हा सुरू केला, स्पीकर निवडला, मॉनिटरचे बटण दाबले. डीफॉल्ट हलले नाही. तरीही ओर्का गप्प झाला. व्हिडिओ लावला तर त्याचा आवाज स्पीकरवर येत होता आणि ओर्काचा मात्र येत नव्हता. या ठिकाणी दुरुस्ती करणाऱ्याचा एक तास गेला, आणि तो तास वाया गेला असे म्हणता येणार नाही, कारण निवड एकाच जागी साठवलेली नसते हे त्यातून कळले. पल्सऑडिओमध्ये 'मॉड्यूल-स्ट्रीम-रिस्टोअर' नावाचा आणखी एक घटक असतो. प्रत्येक प्रोग्रॅमचा आवाज शेवटी कोठे जात होता याची तो स्वतंत्र आठवण ठेवतो आणि ती आठवण डीफॉल्टपेक्षा वरचढ असते. मधल्या धडपडीत केव्हातरी ओर्काच्या नावापुढे मॉनिटरचे सिंक लिहिले गेले होते. त्यामुळे मॉनिटर दिसला रे दिसला की ओर्का आपला आवाज घेऊन तिकडे जाई. ती आठवण पुसली, ओर्काचा प्रवाह हाताने स्पीकरवर आणला, आणि त्यानंतर मॉनिटरचे बटण कितीही वेळा दाबले तरी वाक्य तुटले नाही. आवाज सतत बदलणारे संगणक दुरुस्त करणाऱ्यांनी हा दुसरा थर आवर्जून तपासावा, कारण पहिला थर दुरुस्त होऊनही दुसऱ्यामुळे अपयश आले की बरोबर उपायही चुकीचा समजून टाकून दिला जातो.

एवढ्यावर काम थांबवता आले असते. परंतु यंत्र आज नीट वागते म्हणजे उद्याही वागेलच असे नाही, आणि ज्या माणसाला बिघाडानंतर मेनूपर्यंत पोहोचताच येत नाही त्याच्या हाती पडद्यावाचून वापरता येईल असे काहीतरी असलेच पाहिजे. म्हणून चार ओळींची एक छोटी फाइल लिहिली: पहिली ओळ स्पीकरचा आवाज बंद असल्यास सुरू करते, दुसरी तो सत्तर टक्क्यांवर आणते, तिसरी स्पीकरला डीफॉल्ट करते आणि चौथी एक ठळक घंटी वाजवते. ही फाइल कंट्रोल, ऑल्ट आणि ए या तीन कळा एकत्र दाबल्यावर चालेल अशी जोडणी केली. त्या ओळींत स्पीकरचा उल्लेख क्रमांकाने न करता पूर्ण नावाने केला, कारण पल्सऑडिओ सिंकना जे क्रमांक देतो ते उपकरणे दिसण्याच्या क्रमानुसार बदलतात. आज दोन क्रमांकावर असलेला स्पीकर उद्या पाचवर असू शकतो, नाव मात्र मदरबोर्डवरील त्याच्या जागेवरून पडलेले असते आणि ते तसेच राहते. विद्यार्थिनीला ही जोडणी मूळ दुरुस्तीपेक्षा जास्त महत्त्वाची वाटली. आता आवाज गेला तरी कोणाला हाक मारावी लागणार नाही, असे ती म्हणाली. तिचे म्हणणे योग्यच होते. मूळ बिघाड दुरुस्त झाल्याने संगणक सुधारला, पण तीन कळांमुळे त्याचा ताबा तिच्याकडे आला.

नव्या लिनक्स प्रणालींत पल्सऑडिओची जागा आता पाइपवायरने घेतली आहे. विम टायमन्स यांनी सुरू केलेला हा सर्व्हर फेडोरा या लिनक्स प्रणालीत 2021 पासून आवाजासाठी रूढ झाला आणि त्याच्याबरोबर वायरप्लंबर नावाचा वेगळा प्रोग्रॅम कोणता प्रवाह कोठे जोडायचा ते ठरवतो. माणसाने स्वतः निवडलेले ठिकाण तो लिहून ठेवतो, ते नाहीसे झाले तर तात्पुरते दुसरे वापरतो आणि परत आले की पुन्हा त्याच्याकडे जातो. ही रीत माणसाच्या निवडीला अधिक मान देणारी आहे. विंडोजमध्ये गुंता निराळा आहे. तेथे सर्वसाधारण आवाजाचे डीफॉल्ट आणि संभाषणाचे डीफॉल्ट अशी दोन वेगळी पदे असतात, त्यामुळे गाणे स्पीकरवर आणि मीटिंगचा आवाज हेडसेटवर असा प्रकार होतो आणि वापरणाऱ्याला तो बिघाड वाटतो. मॉनिटरकडे जाणारा आवाज तेथे साउंडच्या यादीत 'डिसेबल' करून ठेवता येतो, पण ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने टाकला गेला की तो दावेदार पुन्हा यादीत हजर होऊ शकतो, हे लक्षात ठेवून अपडेटनंतर एकदा तपासणे बरे. प्रणाली कोणतीही असो, शोधाची दिशा तीच राहते: आवाज केव्हा जातो याची नोंद, त्या क्षणी कोणते उपकरण आले किंवा गेले याचा पुरावा, आणि निवड कोठे कोठे लिहिलेली आहे याची झडती.

अशा कामाला जाणाऱ्या तंत्रज्ञांना एक विनंती करावीशी वाटते. संगणक दृष्टिहीन व्यक्तीचा असेल तर मॉनिटर सुरू करण्याआधी खुर्ची ओढून शेजारी बसावे आणि त्या व्यक्तीला तो जसा ऐकू येतो तसा थोडा वेळ ऐकावा. पडदा उजळला की परिस्थिती बदललेली असते, आणि बदललेल्या परिस्थितीत केलेले निदान दुसऱ्याच संगणकाचे असते.

अभ्यासिकेतील त्या संगणकाची अखेरची तपासणी झाली त्या दिवशी फाइलीतील निष्क्रिय केलेल्या ओळीवर तिचे कारण लिहून ठेवायचे राहिले होते. ते विद्यार्थिनीने स्वतः लिहिले. मॉनिटर बंद होता. ओर्का एकेक अक्षर बोलत होता आणि ती इनस्क्रिप्ट कीबोर्डवर टाइप करत होती. हॅशच्या चिन्हापुढे आता मराठीत एवढेच आहे: 'मॉनिटर सुरू झाल्यावर आवाज तिकडे जातो, म्हणून पुढची ओळ बंद केली आहे. कृपया काढू नये.'